ग्राहकवर्गांची विभागणी आणि तुलनेचे मानदंड : बाजार अहवाल कसा वाचावा?

भारतासारख्या खंडप्राय देशात 'ग्राहक' हा शब्द एकवचनात वापरणे नेहमीच धोक्याचे असते. कोरडवाहू शेती करणारे कुटुंब, महानगरातील पगारदार कुटुंब आणि तालुक्याच्या गावी छोटे दुकान चालविणारे कुटुंब एकाच कारखान्याचा साबण विकत घेत असले, तरी त्यांचे उत्पन्न, खर्चाची पद्धत, माहिती मिळविण्याची साधने आणि खरेदीची वेळ यांत मोठे अंतर असते. हे अंतर ओळखून ग्राहकांचे, वाचकांचे वा प्रेक्षकांचे गट पाडणे आणि प्रत्येक गटातील यश-अपयश एखाद्या मापाशी ताडून पाहणे, या दोन क्रियांवर बाजार संशोधनाचा प्रत्येक अहवाल उभा असतो. पहिल्या क्रियेला विभागणी म्हणतात. दुसरीत जे माप वापरले जाते त्याला मानदंड किंवा व्यवहारातील भाषेत 'बेंचमार्क' असे म्हणतात.

हा विषय केवळ व्यवस्थापनशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुरता मर्यादित नाही. लसीकरणाचा प्रचार, बँक खाती उघडण्याची मोहीम, पीकविम्याची माहिती, मतदार जागृती अशा सार्वजनिक कार्यक्रमांचे मूल्यमापनही आज याच पद्धतीने होते. स्पर्धा परीक्षांमध्ये आकडेवारीचा अर्थ लावण्यावर जे प्रश्न विचारले जातात, त्यांचा गाभाही हाच असतो. कोणतीही टक्केवारी समोर आली की दोन प्रश्न विचारावयाचे असतात : ही सरासरी कोणाची? आणि ही तुलना कशाशी? प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांचा भारतीय उदाहरणांच्या आधारे विचार केला आहे.

विभागणीची संकल्पना

खर्चाच्या पद्धतीवरून समाजाचे गट ओळखण्याची कल्पना जुनी आहे. जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगल यांनी १८५७ मध्ये असे दाखवून दिले की, कुटुंबाचे उत्पन्न वाढते तसा एकूण खर्चातील अन्नावरील खर्चाचा हिस्सा घटत जातो. हा एंगलचा नियम म्हणून प्रसिद्ध आहे. व्यापारी क्षेत्रात विभागणीला शास्त्रीय रूप १९५६ मध्ये मिळाले. अमेरिकेतील वेंडेल स्मिथ यांनी त्या वर्षी प्रसिद्ध केलेल्या लेखात वस्तुभेद आणि बाजार विभागणी या दोन वेगळ्या नीती आहेत असे प्रतिपादन केले. एकच मागणी गृहीत धरून आपली वस्तू इतरांपेक्षा निराळी असल्याचे ठसविणे ही पहिली नीती; मागणी मुळातच अनेक प्रकारची आहे हे मान्य करून त्या त्या प्रकाराला अनुरूप वस्तू देणे ही दुसरी.

विभागणीचे निकष सामान्यतः चार प्रकारचे असतात. भौगोलिक निकषात राज्य, शहर-खेडे, हवामान यांचा समावेश होतो. लोकसांख्यिक निकषात वय, लिंग, शिक्षण, व्यवसाय व उत्पन्न येतात. तिसरा प्रकार जीवनशैली व मनोवृत्तीचा, तर चौथा प्रत्यक्ष वर्तनाचा, म्हणजे वस्तू किती वेळा, किती प्रमाणात व कोठून घेतली जाते याचा होय. पाडलेला गट उपयुक्त ठरण्यासाठी तो मोजता आला पाहिजे, पुरेसा मोठा असला पाहिजे, त्याच्यापर्यंत पोहोचण्याचे साधन उपलब्ध असले पाहिजे आणि त्याचा प्रतिसाद इतर गटांहून वेगळा असला पाहिजे. शेवटची अट सर्वांत महत्त्वाची आहे. दोन गट एकाच पद्धतीने वागत असतील तर त्यांना वेगळे दाखविण्याने अहवालाची पाने वाढतात, ज्ञान वाढत नाही.

धुण्याच्या पावडरीचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. १९६९ मध्ये करसनभाई पटेल यांनी अहमदाबाद येथे 'निरमा' ही स्वस्त पावडर तयार करून घरोघर विकण्यास प्रारंभ केला. त्या काळी प्रस्थापित कंपन्यांच्या दृष्टीने पावडरीचा ग्राहक म्हणजे शहरी सुस्थित कुटुंब होते. कपड्यांचा साबण वापरणारी कोट्यवधी कुटुंबे त्यांच्या हिशेबातच नव्हती. निरमाने नेमका हाच वर्ग गाठला आणि १९८० च्या दशकात हिंदुस्थान लिव्हरला 'व्हील' हे वेगळे, कमी किमतीचे उत्पादन बाजारात आणावे लागले. एखाद्या वर्गासाठी अहवालात रकाना नसणे आणि त्या वर्गाची मागणीच नसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा यातून घ्यावयाचा धडा होय.

भारतातील वर्गीकरणाचा प्रवास

भारतात कुटुंबाचे उत्पन्न विचारून विश्वासार्ह उत्तर मिळणे कठीण असते. शेतीचे उत्पन्न हंगामी असते, लहान व्यावसायिकाला स्वतःचाच नफा नेमका ठाऊक नसतो आणि पगारदार माणूसही परक्याला खरी रक्कम सांगण्यास कचरतो. म्हणून बाजार संशोधकांनी उत्पन्नाऐवजी सहज पडताळता येतील अशा खुणांचा आधार घेतला. १९८० च्या दशकात मार्केट रिसर्च सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेच्या पुढाकाराने 'सामाजिक-आर्थिक वर्गीकरण' रूढ झाले. शहरी भागात कुटुंबातील मुख्य कमावत्या व्यक्तीचे शिक्षण आणि व्यवसाय यांवरून ए-१ पासून ई-२ पर्यंत आठ वर्ग पाडण्यात आले. ग्रामीण भागासाठी शिक्षण आणि घराचे स्वरूप, म्हणजे पक्के, अर्धपक्के की कच्चे, यांवरून आर-१ ते आर-४ असे चार वर्ग करण्यात आले.

या पद्धतीची मोठी उणीव अशी की, शहर व खेडे यांची मोजपट्टीच वेगळी होती. त्यामुळे आर-१ वर्गातील बागायतदार कुटुंब आणि शहरातील बी-१ वर्गातील कुटुंब यांची तुलना करता येत नसे. २०११ मध्ये 'नवी ग्राहक वर्गीकरण पद्धती' आली. तिच्यात शहर व खेडे दोहोंसाठी एकच पट्टी होती : मुख्य कमावत्या व्यक्तीचे शिक्षण आणि ठरलेल्या ११ बाबींपैकी कुटुंबाकडे किती आहेत याची संख्या. या यादीत वीजजोडणी, छताचा पंखा, गॅसची शेगडी, दुचाकी, रंगीत दूरचित्रवाणी संच, फ्रीज, धुलाई यंत्र, संगणक, मोटार, वातानुकूलन यंत्र आणि शेतजमीन यांचा समावेश होता. यावरून ए-१ ते ई-३ असे १२ वर्ग तयार झाले.

या पद्धतीतील एक मर्यादा विकासाच्या अभ्यासकाने विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. मे २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेत सप्टेंबर २०१९ पर्यंत ८ कोटी गॅसजोडण्या देण्यात आल्या. सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या सौभाग्य योजनेने घरोघर वीज पोहोचविण्याचे काम हाती घेतले. या दोन्ही सोयी उपरोक्त यादीत मोजल्या जात. म्हणजे एखाद्या कुटुंबाचे उत्पन्न तेवढेच राहिले, तरी वीज, पंखा व शेगडी आल्याने ते वर्गीकरणात वरच्या पायरीवर जाऊ शकत होते. कुटुंबाचे जीवनमान निश्चितच सुधारले. परंतु 'खालचा वर्ग आकुंचन पावला, म्हणजे क्रयशक्ती वाढली' असा निष्कर्ष त्यावरून काढणे चुकीचे ठरले असते. वस्तूंची मालकी हा निकष काळाबरोबर बोथट होत जातो. यामुळेच अलीकडच्या भारतीय सामाजिक-आर्थिक वर्गीकरणात वस्तूंची यादी बाजूला ठेवून मुख्य कमावत्या व्यक्तीचा व्यवसाय आणि घरातील सर्वाधिक शिकलेल्या प्रौढ पुरुषाचे व स्त्रीचे शिक्षण हे निकष स्वीकारण्यात आले आहेत. स्त्रीच्या शिक्षणाला वर्गीकरणात स्वतंत्र स्थान मिळाले ही नोंद घेण्याजोगी बाब आहे.

उत्पन्नावर आधारलेली विभागणीही आपल्याकडे झाली आहे. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषदेने १९८० च्या दशकाच्या मध्यापासून कुटुंबांच्या बाजारविषयक पाहण्या केल्या. परिषदेने २००१-०२ च्या किमतींनुसार वार्षिक ९० हजार रुपयांहून कमी उत्पन्नाची कुटुंबे 'वंचित', ९० हजार ते २ लाखांची 'आकांक्षी', २ ते १० लाखांची मध्यमवर्गीय आणि त्यावरील श्रीमंत अशी मांडणी केली. भारतातील मध्यमवर्ग किती मोठा, या वादात जे परस्परविरोधी आकडे दिले जातात, त्यांचे कारण बहुधा सीमारेषेत दडलेले असते. रेषा २ लाखांऐवजी ९० हजारांवर ओढली की मध्यमवर्ग एका रात्रीत कितीतरी पटींनी फुगतो. अर्थव्यवस्थेत मात्र तेवढ्याने काहीही बदललेले नसते.

सरासरीच्या आत काय दडते?

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या कौटुंबिक उपभोग खर्च पाहणीनुसार २०२२-२३ मध्ये दरडोई मासिक उपभोग खर्च ग्रामीण भागात सरासरी ३,७७३ रुपये व शहरी भागात ६,४५९ रुपये होता. या दोन आकड्यांवरून 'ग्रामीण ग्राहक' व 'शहरी ग्राहक' अशी दोन चित्रे मनात तयार होतात. आता त्याच पाहणीतील तळाचे व वरचे गट पाहावेत. ग्रामीण भागातील तळाच्या ५ टक्के लोकांचा खर्च १,३७३ रुपये, तर वरच्या ५ टक्क्यांचा १०,५०१ रुपये होता. शहरी भागात हेच आकडे अनुक्रमे २,००१ व २०,८२४ रुपये होते. म्हणजे ग्रामीण भागातील वरचा गट शहरी सरासरीपेक्षा बराच अधिक खर्च करीत होता आणि शहरातील तळाचा गट ग्रामीण सरासरीच्या जेमतेम निम्म्यावर होता. ग्रामीण-शहरी ही विभागणी खरी आहे. पण ती एकटी पुरेशी नाही. गटांतर्गत विषमता ही गटांमधील विषमतेपेक्षा मोठी असेल, तेव्हा विभागणीचा निकष बदलावा लागतो किंवा दुसरा निकष जोडावा लागतो.

हीच पाहणी मानदंडाच्या अडचणीही स्पष्ट करते. २०११-१२ मध्ये ग्रामीण खर्च १,४३० रुपये होता. तो मानदंड धरल्यास २०२२-२३ पर्यंत खर्च सुमारे २.६ पट झाला असे दिसते. परंतु २०११-१२ च्या किमतींनुसार २०२२-२३ चा ग्रामीण खर्च २,००८ रुपये भरतो. म्हणजे खरी वाढ सुमारे ४० टक्के होती. शिवाय दोन पाहण्यांची पद्धतही एक नव्हती. नव्या पाहणीत वस्तूंची संख्या ३४७ वरून ४०५ झाली आणि एकाच भेटीऐवजी तीन वेगवेगळ्या भेटींत माहिती घेण्यात आली. पद्धत बदलली की आकड्यातील फरकाचा काही भाग वास्तवाचा आणि काही भाग मोजपट्टीचा असतो.

व्याख्येचाही परिणाम होतो. २०२३-२४ मध्ये ग्रामीण खर्च ४,१२२ व शहरी खर्च ६,९९६ रुपये होता; म्हणजे शहरी खर्च सुमारे ७० टक्के अधिक. सामाजिक कल्याण योजनांतून मोफत मिळालेल्या वस्तूंचे मूल्य धरल्यास हे आकडे ४,२४७ व ७,०७८ रुपये होतात आणि अंतर सुमारे ६७ टक्क्यांवर येते. दोन्ही आकडे बरोबर आहेत. ते दोन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत.

निर्देशांक आणि पोहोच

बाजार अहवालात लक्ष्यगटाच्या संदर्भात १०० हा पाया धरून निर्देशांक दिलेला असतो. एखाद्या माध्यमाच्या वाचकांत लक्ष्यगटाचे प्रमाण एकूण लोकसंख्येतील प्रमाणाइतकेच असेल तर निर्देशांक १००. अधिक असेल तर १०० च्या वर. हा आकडा आकर्षक असतो, म्हणूनच तो जपून वाचला पाहिजे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एका प्रदेशात १ कोटी प्रौढ आहेत आणि त्यांपैकी २० लाख, म्हणजे २० टक्के, आपल्या लक्ष्यगटात आहेत. एका मासिकाचे २ लाख वाचक असून त्यांतील ३५ टक्के लक्ष्यगटातील आहेत. निर्देशांक ३५ भागिले २० गुणिले १००, म्हणजे १७५ येतो. एका दैनिकाचे ४० लाख वाचक असून त्यांतील २२ टक्के लक्ष्यगटातील आहेत, निर्देशांक ११०. केवळ निर्देशांक पाहणारा मासिकाची निवड करील. परंतु मासिक लक्ष्यगटातील ७० हजार व्यक्तींपर्यंत, म्हणजे ३.५ टक्क्यांपर्यंतच पोहोचते; दैनिक ८ लाख ८० हजार व्यक्तींपर्यंत, म्हणजे ४४ टक्क्यांपर्यंत पोहोचते.

आता खर्च पाहू. मासिकातील जाहिरातीस ७० हजार रुपये आणि दैनिकातील जाहिरातीस १२ लाख ३२ हजार रुपये लागतात असे समजू. सर्व वाचक धरल्यास दर हजारी खर्च मासिकासाठी ३५० व दैनिकासाठी ३०८ रुपये येतो. दैनिक स्वस्त ठरते. केवळ लक्ष्यगटातील वाचक धरल्यास तो अनुक्रमे १,००० व १,४०० रुपये येतो. मासिक स्वस्त ठरते. तेव्हा निर्देशांक लक्ष्यगटाची दाटी सांगतो, पोहोच व्याप्ती सांगते आणि दर हजारी खर्च काटकसर सांगतो. महागडे यंत्र मोजक्या तज्ज्ञांना विकणाऱ्यास दाटी महत्त्वाची वाटेल. पोलिओच्या डोसाची तारीख प्रत्येक मातेपर्यंत पोहोचविणाऱ्यास व्याप्तीशिवाय गत्यंतर नाही.

मानदंडाचे प्रकार

तुलनेचे मानदंड मुख्यतः चार असतात : स्वतःचा भूतकाळ, क्षेत्रातील सरासरी, सर्वोत्तम कामगिरी आणि आधी ठरविलेले उद्दिष्ट. प्रत्येकाचे उत्तर वेगळे येते. भूतकाळाशी तुलना करताना हंगाम सांभाळावा लागतो. दिवाळीच्या महिन्यातील विक्रीची तुलना आधीच्या महिन्याशी नव्हे, तर गतवर्षीच्या दिवाळीच्या महिन्याशी केली पाहिजे. आणि दिवाळी कधी ऑक्टोबरमध्ये तर कधी नोव्हेंबरमध्ये येत असल्याने इंग्रजी महिन्यांची तुलनाही फसवी ठरू शकते. क्षेत्राच्या सरासरीशी तुलना करताना बंद पडलेल्या उद्योगांची आकडेवारी त्या सरासरीतून वगळली गेली आहे काय, हे पाहावे लागते. केवळ टिकून राहिलेल्यांची सरासरी नेहमीच उजळ दिसते.

मानदंडाची निवड धोरणाला कशी वळण देते याचे उत्तम उदाहरण म्हणजे जानेवारी २०१८ मध्ये सुरू झालेला आकांक्षित जिल्हे कार्यक्रम. यात ११२ जिल्ह्यांची प्रगती ५ क्षेत्रांतील ४९ निर्देशकांवर मोजण्यात आली. महाराष्ट्रातील गडचिरोली, नंदुरबार, वाशीम व धाराशिव हे जिल्हे त्यांत होते. निती आयोगाने येथे केवळ सध्याची पातळी न पाहता ठरावीक काळात झालेल्या सुधारणेनुसार, म्हणजे 'डेल्टा' क्रमवारीनुसार, जिल्ह्यांची तुलना केली. पातळीवर आधारलेल्या क्रमवारीत मुळात मागे असलेला जिल्हा कितीही झटला तरी तळाशीच दिसला असता. दुसऱ्या बाजूस, केवळ सुधारणा पाहिल्यास अजून किती पल्ला गाठावयाचा आहे याचा विसर पडू शकतो. म्हणून पातळी आणि बदल हे दोन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचणे हितावह असते.

रचनेचा परिणाम : एक विरोधाभास

विभागणी आणि मानदंड हे दोन्ही विषय एकमेकांत कसे गुंतलेले आहेत हे पुढील कल्पित उदाहरणावरून ध्यानात येईल. स्त्रियांच्या रक्तक्षय तपासणीविषयी एक प्रचारमोहीम दोन जिल्ह्यांत राबविली गेली. नंतर प्रत्येक जिल्ह्यात १,००० स्त्रियांना संदेश आठवतो काय, असे विचारण्यात आले. अशा मोहिमांचा मानदंड ५० टक्के आहे.

पहिला जिल्हा : शहरी ८०० स्त्रियांपैकी ४८० जणींना, म्हणजे ६० टक्क्यांना आठवला; ग्रामीण २०० पैकी ६० जणींना, म्हणजे ३० टक्क्यांना आठवला. एकूण ५४०, म्हणजे ५४ टक्के.

दुसरा जिल्हा : शहरी २०० पैकी १४० जणींना, म्हणजे ७० टक्क्यांना आठवला, ग्रामीण ८०० पैकी ३२० जणींना, म्हणजे ४० टक्क्यांना आठवला. एकूण ४६०, म्हणजे ४६ टक्के.

एकूण आकडा पाहणारा वरिष्ठ अधिकारी पहिल्या जिल्ह्याचे अभिनंदन करील आणि दुसऱ्याला खुलासा विचारील. प्रत्यक्षात शहरी व ग्रामीण या दोन्ही गटांत दुसऱ्या जिल्ह्याची कामगिरी १० टक्क्यांच्या अंतराने सरस आहे. तो मागे दिसतो तो केवळ त्याची लोकसंख्या बहुतांशी ग्रामीण असल्यामुळे. संख्याशास्त्रात याला सिम्प्सनचा विरोधाभास म्हणतात; एडवर्ड सिम्प्सन यांनी १९५१ मध्ये त्याचे विवेचन केले होते.

यावरील उपाय दोन आहेत. पहिला, मानदंडही गटवार द्यावा. शहरी भागासाठी ६५ व ग्रामीण भागासाठी ३५ टक्के हा मानदंड धरल्यास पहिला जिल्हा दोन्ही ठिकाणी मागे व दुसरा दोन्ही ठिकाणी पुढे असल्याचे लगेच दिसते. दुसरा उपाय प्रमाणीकरणाचा. दोन्ही जिल्ह्यांची रचना समान, समजा निम्मी शहरी व निम्मी ग्रामीण, धरून सरासरी काढली तर पहिल्या जिल्ह्याची ४५ व दुसऱ्याची ५५ टक्के येते. येथे प्रश्न केवळ गणिताचा नाही. चुकीच्या वाचनामुळे ज्या जिल्ह्यात खेड्यापाड्यांतील स्त्रियांपर्यंत संदेश अधिक चांगला पोहोचला, त्याच जिल्ह्याचा निधी कापला जाण्याची आणि तेथील राबणाऱ्या आरोग्यसेविकांच्या पदरी ठपका येण्याची शक्यता असते.

नमुन्याचा आकार

गट जितके लहान करावेत तितका प्रत्येक गटातील नमुना लहान होतो. साध्या यादृच्छिक नमुन्यात, ९५ टक्के विश्वासपातळीवर, १,००० व्यक्तींच्या नमुन्यातील ५० टक्क्यांच्या अंदाजात सुमारे ३ टक्के इकडे-तिकडे फरक संभवतो. ४०० व्यक्तींसाठी हा फरक सुमारे ५ टक्के, तर १०० व्यक्तींसाठी सुमारे १० टक्के होतो. म्हणून एखाद्या उपगटातील १०० व्यक्तींत ४४ टक्के प्रतिसाद मिळाला आणि मानदंड ४८ टक्के असेल, तर तो गट मागे आहे असे म्हणण्यास आधार नसतो. गावे किंवा वस्त्या निवडून केलेल्या पाहणीत ही त्रुटी सामान्यतः आणखी मोठी असते.

दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकमापनात हा प्रश्न तीव्रतेने जाणवतो. ब्रॉडकास्ट ऑडियन्स रिसर्च कौन्सिल २०१५ पासून अशी आकडेवारी देत आहे. २०२० च्या सुमारास देशातील सुमारे २१ कोटी दूरचित्रवाणी असलेल्या घरांसाठी सुमारे ४४ हजार घरांचा नमुना होता. म्हणजे नमुन्यातील एक घर जवळपास पावणेपाच हजार घरांचे प्रतिनिधित्व करीत होते. देशव्यापी मनोरंजन वाहिनीसाठी हा नमुना समाधानकारक ठरतो. परंतु एका शहरातील, एका वयोगटातील, एका वृत्तवाहिनीच्या अर्ध्या तासाचा आकडा काढावयाचा झाल्यास हाती मूठभर घरे उरतात आणि दोन-चार घरांच्या पसंतीने क्रमवारी बदलू शकते. ऑक्टोबर २०२० मध्ये वृत्तवाहिन्यांची साप्ताहिक आकडेवारी स्थगित करण्यात आली. मार्च २०२२ मध्ये ती पुन्हा सुरू झाली तेव्हा चार आठवड्यांची चल सरासरी देण्याची पद्धत स्वीकारली गेली. त्यामुळे आकडा स्थिर होतो. मात्र अचानक झालेला बदल उशिरा दिसतो. अचूकता व तत्परता यांत असा समतोल नेहमीच साधावा लागतो.

लोककल्याणाच्या दृष्टीने

व्यापारी कंपनीला आपला लक्ष्यगट निवडण्याचे स्वातंत्र्य असते. जो गट फायद्याचा नाही तो ती सोडून देऊ शकते. शासनाला ही मुभा नाही. भारताने सामाजिक विपणनाचा प्रयोग फार लवकर केला. १९६८ मध्ये कुटुंबनियोजनासाठी 'निरोध' सवलतीच्या दरात बाजारात आणताना चहा, साबण, सिगारेट अशा वस्तू विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या वितरण यंत्रणेचा उपयोग करण्यात आला. मात्र आरोग्य केंद्रांतून मोफत वाटपही चालू राहिले. विकत घेऊ शकणारा आणि न घेऊ शकणारा असे दोन वर्ग मान्य करून दोघांसाठी दोन मार्ग ठेवले गेले. विभागणीचा हा उपयोग कोणाला वगळण्यासाठी नव्हे, तर कोणी वगळले जाऊ नये यासाठी होता.

आज मोबाइलच्या माध्यमातून होणाऱ्या प्रचाराचे अहवाल तत्काळ हाती येतात आणि त्यांत वयोगटवार व शहरवार तपशीलही असतो. परंतु ज्या घरात स्मार्टफोन नाही, किंवा आहे पण तो घरातील पुरुषाच्या हाती असतो, त्या घरातील स्त्री या अहवालाच्या छेदातही नसते आणि अंशातही नसते. तिची अनुपस्थिती टक्केवारी कमी करीत नाही. उलट टक्केवारी उजळ दाखविते. म्हणून सार्वजनिक कार्यक्रमाच्या अहवालात छेद नेहमी एकूण पात्र लोकसंख्येचा असावा, केवळ माध्यमाच्या वापरकर्त्यांचा नसावा.

विद्यार्थ्यांसाठी सूत्रे

कोणताही अहवाल वा तक्ता वाचताना पुढील क्रम उपयोगी पडेल :

१. टक्केवारीचा छेद कोणता आहे? सर्व लोकसंख्या, सर्व वापरकर्ते, की प्रश्नाला उत्तर देणारे?
२. वर्ग कोणत्या निकषांवर पाडले आहेत, आणि तो निकष काळानुसार बदलला आहे काय?
३. मानदंड कोणता आहे? त्याची व्याख्या, कालावधी व पाहणीची पद्धत समान आहे काय?
४. रकमांची तुलना चालू किमतींनी केली आहे की स्थिर किमतींनी?
५. एकूण आकडा आणि गटवार आकडे एकच दिशा दाखवितात काय? नसल्यास रचनेचा परिणाम तपासावा.
६. प्रत्येक गटातील नमुना किती मोठा आहे? फरक नमुना त्रुटीपेक्षा मोठा आहे काय?
७. अहवालात कोण नाही?

समारोप

विभागणी म्हणजे समाजाकडे अधिक जवळून पाहण्याची, तर मानदंड म्हणजे त्या पाहण्याला माप देण्याची पद्धत होय. दोन्ही माणसांनी ठरविलेल्या असतात. म्हणून त्या तपासून घेणे हा अभ्यासकाचा अधिकार आणि कर्तव्यही आहे. आज परीक्षेच्या तयारीत असलेल्या विद्यार्थ्यांपैकी अनेक जण उद्या एखाद्या तालुक्यात, जिल्ह्यात वा मंत्रालयात असे अहवाल वाचून निधीवाटपाचे निर्णय घेतील. त्या वेळी ५४ आणि ४६ या दोन आकड्यांपैकी मोठा कोणता हे सांगणे सोपे असेल. चांगले काम कोठे झाले हे ओळखण्यासाठी मात्र त्या आकड्यांच्या आत उतरावे लागेल. ही सवय अभ्यासाच्या काळातच अंगी बाणविणे श्रेयस्कर ठरेल.